मोटारीचा एअर फिल्टर : कागदी बरा की तेल लावलेला?

एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी मोटारीच्या इंजिनाला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. वजनाच्या हिशेबात हे प्रमाण पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग असे पडते. ही हवा रस्त्यावरचीच असते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत उन्हाळाभर फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडला, तर त्याच्या घड्यांत तांबडी भुकटी साचलेली दिसते. ती आत जाऊ न देणे हेच एअर फिल्टरचे काम. त्यामुळे अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ‘हा टाका, पिकअप वाढेल’ असे सांगून तेल लावलेला फिल्टर पुढे केला जातो, तेव्हा पिकअपच्या आधी धुळीचा विचार व्हायला हवा.

धुळीतील क्वार्ट्झचे कण अत्यंत कठीण असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच्या जाडीच्या आसपासचे कण सर्वांत घातक ठरतात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. अशी झीज सावकाश होते आणि ती भरून येत नाही. इंजिन ‘ऑइल खायला’ लागते, तेव्हा मालकाला तिचा पत्ता लागतो.

बहुतेक गाड्यांत कारखान्यातूनच येणारा फिल्टर कोरडा असतो. रेझिनची प्रक्रिया केलेला कागद किंवा कृत्रिम धाग्यांचे न विणलेले कापड बारीक घड्या घालून चौकटीत बसवलेले असते. घड्यांमुळे लहान डब्यात मोठे क्षेत्रफळ मावते. या फिल्टरचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक गाळू लागतो, कारण साचलेला थर स्वतःच गाळणीचे काम करतो. हवेला होणारा अडथळा मात्र हळूहळू वाढत जातो. म्हणून फिल्टर मळका दिसला की लगेच बदलावा, असे नाही. कंपनीच्या पुस्तिकेतील अंतर पाळावे. धुळीच्या भागात ते कमी धरावे. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरचा जोरदार झोत मारून फिल्टर ‘नवा’ करण्याची पद्धत मात्र टाळलेली बरी. झोताने कागदाला सूक्ष्म चिरा पडू शकतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

तेल लावलेल्या फिल्टरमध्ये सुती जाळीदार कापडाचे अनेक थर तारेच्या जाळीत धरलेले असतात आणि त्यांवर चिकट तेल पसरवलेले असते. (इंजिनातील ऑइल गाळणारा ऑइल फिल्टर तो वेगळा.) जाळीची छिद्रे मोठी असतात, धूळ पकडण्याचे काम मुख्यतः तेलाचा चिकटपणा करतो. कल्पना जुनीच आहे. जुन्या जीपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये हवा तेलाच्या भांड्यावरून नेऊन स्वच्छ केली जात असे. सुती जाळीचा प्रकार लोकप्रिय केला तो १९६९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीने. शर्यतीच्या मैदानात त्याला मान आहे आणि तो रास्तही आहे. तिथे इंजिन बराच वेळ पूर्ण ताकदीवर चालते आणि शर्यतींच्या मध्ये उघडून तपासलेही जाते.

घरच्या गाडीचे तसे नसते. शहरात चालताना पेट्रोल इंजिनात हवेची वाट मुख्यतः थ्रॉटलची झडप अडवते, फिल्टर नव्हे. पाय पूर्ण दाबल्याशिवाय मोकळ्या फिल्टरचा लाभ जवळजवळ शून्य, आणि दाबल्यावरही तो अल्पच. मायलेजचा दावाही फारसा टिकत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत, संगणकनियंत्रित इंधनपुरवठा असलेल्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. कमी झाला तो प्रवेग.

दुसऱ्या पारड्यात गाळण्याची क्षमता आहे. ती मोजण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. येथे टक्केवारी फसवी ठरते. समजा, एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक दोन टक्क्यांचाच वाटतो. पण शंभर ग्रॅम धुळीतील पहिला एक ग्रॅम आत सोडतो, दुसरा तीन ग्रॅम. इंजिनाच्या दृष्टीने ही तिप्पट धूळ झाली. खोक्यावर ‘हवा जास्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. गाळण्याचा आकडा मात्र शोधावा लागतो.

धुऊन पुन्हा वापरता येतो, हा तेलवाल्या फिल्टरचा खरा फायदा. कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो, तेल लावलेला काही हजारांत. तेव्हा तो फायदा पदरात पडायला गाडी वर्षानुवर्षे वापरावी लागते आणि धुण्याचे काम नीट व्हावे लागते. खास द्रावणाने धुवायचे, नैसर्गिकरीत्या पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच मोजून तेल लावायचे. गोव्याच्या पावसाळ्यात जिथे दोरीवरचे कपडे चार दिवस ओलसर राहतात, तिथे जाड सुती थर वाळायला किती वेळ लागेल, हे वेगळे सांगायला नको. तेल कमी पडले तर धूळ आरपार जाते. जास्त झाले तर हवेबरोबर ओढले जाऊन ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसू शकते. मग सेन्सर हवा कमी दाखवतो, इंधनाचे प्रमाण बिघडते आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. काही लहान पेट्रोल गाड्यांत असा सेन्सर नसून दाब मोजणारा असतो. त्यांना हा धोका कमी. डिझेल गाडीच्या मालकाने मात्र आधी चौकशी करावी. वॉरंटी चालू असेल तर बाहेरचा फिल्टर बसवण्यापूर्वी सेवा केंद्राकडून लेखी उत्तर घ्यावे.

तेव्हा रोजच्या वापराच्या मोटारीला चांगल्या प्रतीचा कोरडा फिल्टरच योग्य. रॅलीच्या गाडीला किंवा मातीतल्या शर्यतीच्या मोटारसायकलला, जिथे तेल लावलेला फोम दर फेरीनंतर धुतला जातो, तिथे निवड वेगळी होऊ शकते.

फिल्टर कोणताही असो, तो डब्यात नीट बसला नाही तर सगळेच व्यर्थ. रबराची कड दुमडली किंवा एखादी क्लिप तुटली की हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते. इंजिन बंद असताना फिल्टर काढावा आणि डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून पांढरे फडके फिरवावे. त्यावर तांबूस धूळ आली, तर फिल्टर किंवा त्याची कड बदलायलाच हवी.