घाटीगाव अभयारण्य

मध्य प्रदेश राज्याच्या ग्वाल्हेर जिल्ह्यातील गवताळ माळ आणि शुष्क पानझडी रानाचे अभयारण्य. सरकारी नाव सोनचिडिया अभयारण्य. सोनचिडिया म्हणजे आपला माळढोक (आर्डिओटिस निग्रिसेप्स). या एका पक्ष्यासाठी 1981 मध्ये ते स्थापन झाले. त्या वेळचे क्षेत्र 512 चौ. किमी. होते, पुढे काही गावे व त्यांच्या जमिनी त्यातून वगळण्यात आल्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून, म्हणजे खासगी बाजार, महाराज बाडा या जुन्या मराठी वस्तीच्या बाजूने, शिवपुरीकडे जाणारा आग्रा–मुंबई रस्ता धरला की तासाभरात घाटीगाव येते.

हा प्रदेश विंध्य वालुकाश्माच्या पठाराचा. माती उथळ, जागोजाग उघडा खडक, त्यातून वाट काढणारे नाले. उतारांवर करधई, खैर, सालई, पळस. सपाटीवर गवत आणि बोरीची झुडपे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तर जानेवारीत सकाळी दाट धुके असते. महसुली कागदात अशा जमिनीला बहुधा पडीक म्हणतात, आणि माळांचा घात या एका शब्दाने जितका केला तितका शिकाऱ्यांनीही केला नसेल. पडीक म्हटले की तिथे झाडे लावायची, खाण काढायची किंवा नांगर घालायचा, एवढेच सुचते. घाटीगावचा फरशीचा दगड चांगल्या प्रतीचा असल्याने खाणकामाचे संकट येथे कायमचे राहिले आहे.

माळढोकाला मात्र नेमकी अशीच मोकळी, दूरवर दिसणारी जमीन लागते. सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत वजनदारांपैकी एक. नर 15 किग्रॅ.पर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडे घालते. गुरांचा पाय, भटके कुत्रे, कोल्हा यांपैकी कशानेही ते अंडे फुटले की तिचा बहुधा तो हंगाम गेला. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचवले होते. 1963 मध्ये तो मान मोराला मिळाला. 2011 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत माळढोक अतिसंकटग्रस्त आहे. घाटीगावच्या माळावर आता तो दिसत नाही.

याच 1981 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करेरा अभयारण्य झाले. त्याची हकीकत घाटीगावसोबत वाचायला हवी. तेथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला. संरक्षणामुळे माळढोक आरंभी टिकले आणि काळविटे वाढली. काळविटे पिके खाऊ लागली. त्यातच अभयारण्याच्या हद्दीतील जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, आणि आपल्या हालांचे कारण हा पक्षीच अशी गावकऱ्यांची भावना झाली. 1990 च्या दशकात तेथील माळढोक नाहीसे झाले. पुढे अभयारण्याचा दर्जाही काढून घेण्यात आला. दोष गावकऱ्यांवर ढकलणे सोपे आहे, पण न्याय्य नाही: त्यांच्या पिकांची भरपाई आणि त्यांचा विश्वास या दोन्ही गोष्टी आधी मिळवायला हव्या होत्या. करेऱ्यातील दिहैला हा पावसाने भरणारा तलाव मात्र आजही बदके, करकोचे व सारसांसाठी पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रात सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्यही (स्थापना 1979) जमीन व्यवहारांवरील निर्बंधांच्या अशाच वादातून गेले, 8,496 चौ. किमी.चे ते क्षेत्र अखेर सुमारे 1,222 चौ. किमी.वर आणले गेले.

पक्षी पाहण्यास घाटीगाव परिसरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. माळावर राखी तितर, चंडोल, पखुर्डी, धाविक, नीलपंख, खाटीक आणि हिवाळी पाहुणे भोवत्या दिसतात. चिंकारा, नीलगाय आणि कोल्हाही आढळतो. येथे पायांपेक्षा डोळ्यांना काम अधिक. धाविक आणि चंडोल मातीच्याच रंगाचे असल्याने हलेपर्यंत उमगत नाहीत. सूर्य पाठीशी ठेवून एका जागी थांबणे फायद्याचे.

या कोरड्या मुलखाला पाण्याची जोड तिघरा जलाशयाने दिली आहे. ग्वाल्हेरच्या पश्चिमेस सांक नदीवरील हे धरण संस्थानिक माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत 1916 मध्ये बांधले गेले. अभियंते विश्वेश्वरय्या यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणानंतर येथे बसवण्यात आले. 1917 च्या ऑगस्टमध्ये धरण फुटले. नंतर ते पुन्हा उभारले गेले आणि अजूनही ग्वाल्हेर शहराला पाणी पुरवते. हिवाळ्यात पाणी हळूहळू उतरते, काठचा चिखल उघडा पडतो, आणि तेथे चक्रवाक, पट्टकदंब, तलवार बदक, चक्रांग, वारकरी, नदी सुरय जमतात. सकाळी माळ आणि दुपार उतरता तिघरा, अशी एका दिवसाची आखणी करता येते. धुके असल्यास क्रम उलटा करावा. दोन दिवस असतील तर शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान जोडावे. तेथील साख्य सागर तलाव 2022 पासून रामसर करारातील पाणथळ आहे.

मुक्कामाची सोय ग्वाल्हेर शहरात आहे. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी येथे अनेक आहेत, म्हणून वाहन रुळलेल्या वाटेवरच ठेवावे आणि पावसाळ्यात माळ तुडवू नये. माळढोकच पाहायचा असेल, तर राजस्थानात जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जावे. उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक त्याच जिल्ह्यात असून, सम येथे 2019 पासून त्यांची पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालू आहे.