टेस्ला कॉइल आणि परवानगीचा इतिहास: न्यूयॉर्कमधील ठिणगीपासून मुंबईच्या भूमिगत रेडिओपर्यंत

१/ तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात अलीकडे एक उपकरण हमखास दिसते. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, तळाशी जाड वायरचे चार-पाच वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. जवळ धरलेला सीएफएल दिवा कोणत्याही जोडणीशिवाय उजळतो आणि भोवती मुलांची गर्दी जमते. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावातही हे साहित्य जमवणे अवघड नाही. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, पाइपचा तुकडा कोणाच्याही शेतात सापडतो.

२/ हे टेस्ला कॉइलचे सर्वांत साधे रूप. मात्र ज्याला आज खेळणे समजले जाते, ते तांत्रिकदृष्ट्या रेडिओ प्रक्षेपकाचे भावंड आहे. आणि घरच्या घरी प्रक्षेपक बांधण्याची मुभा कोणाला असावी, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे सरकारांना छळत आला आहे. १९४२ साली याच प्रश्नापायी मुंबईतील काही तरुणांना तुरुंगात जावे लागले. त्या वाटेचा हा मागोवा.

३/ आरंभ १८८० च्या दशकातला. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ याने ठिणगीच्या साहाय्याने विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या. निकोला टेस्ला हे प्रयोग पुन्हा करून पाहू लागला, तेव्हा एक अडचण पुढे आली. उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला की प्रचलित कॉइलमधला लोखंडी गाभा तापे आणि तारेवरचे आवरण निकामी होई.

४/ टेस्लाने लोखंडी गाभाच काढून टाकला. दोन वेटोळ्यांमध्ये केवळ हवा किंवा तेल ठेवले आणि दोन्ही मंडले एकाच वारंवारतेला जुळवली. २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अमेरिकन विद्युत अभियंत्यांपुढे त्याने तारेविना उजळणाऱ्या नळ्या दाखवल्या. त्याच वर्षी २३ जूनला या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. पेटंटचा विषय होता विद्युत दिवे. संदेशवहनाचा विचार त्या कागदात नव्हता.

५/ हे यंत्र चालते कसे? सतार पाहिलेल्यांना ते चटकन उमगेल. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफांच्या तारा असतात. वादक त्यांना बहुधा स्पर्शही करत नाही. तरीही मुख्य तारेवर त्यांचाच स्वर छेडला गेला की त्या आपोआप झंकारतात. स्वर जुळलेला नसेल तर मात्र तरफ मुकी राहते. हाच अनुनाद.

६/ टेस्ला कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे ही मुख्य तार आणि बारीक तारेचे शेकडो वेढे ही तरफ. कपॅसिटर भरत जातो, दाब पुरेसा वाढला की ठिणगीच्या फटीतून वीज उडी घेते आणि खालच्या वेटोळ्यात प्रवाह वेगाने मागेपुढे हेलकावू लागतो. वरचे वेटोळे त्याच वारंवारतेला जुळलेले असेल, तर प्रत्येक हेलकाव्यागणिक त्यात ऊर्जा साठत जाते आणि टोकाशी हजारो, मोठ्या यंत्रात लाखो व्होल्ट उभे राहतात.

७/ प्रदर्शनातल्या छोट्या कॉइलमध्ये ठिणगीची फट नसते. तिचे काम ट्रान्झिस्टर करतो. वरच्या वेटोळ्याचे खालचे टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडलेले असते, म्हणून ते वेटोळे स्वतःच ट्रान्झिस्टरला चालू-बंद होण्याचा ताल देते. सेकंदाला लाखो वेळा हे घडते. दिव्यातल्या वायूला उजळायला तेवढे क्षेत्र पुरते.

८/ १८९९ मध्ये टेस्लाने कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सुमारे १५ मीटर व्यासाचे वेटोळे उभारले आणि घरात कृत्रिम वीज कडाडवली. त्याचे स्वप्न जगभर बिनतारी वीज पोहोचवण्याचे होते. ते पुरे झाले नाही. पण अनुनादाचे तत्त्व दुसऱ्यांच्या हाती जाऊन वेगळ्याच कामाला लागले.

९/ भारतही या घडामोडींपासून दूर नव्हता. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू यांनी १८९० च्या दशकाच्या मध्यास ठिणगीपासून निघालेल्या, अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. भिंतीपलीकडील घंटा वाजवून आणि दारू पेटवून त्यांनी या लहरींचे सामर्थ्य जाहीरपणे दाखवले. पुढे १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पोहोचवल्याचा दावा केला. तोही ठिणगीच्याच बळावर.

१०/ म्हणजे कपॅसिटर, ठिणगीची फट आणि जुळवलेली वेटोळी हीच त्या काळच्या बिनतारी केंद्राची मूळ सामग्री. वेटोळ्याला उंच तार आणि जमिनीची जोडणी दिली की झाला प्रक्षेपक. साहित्य साधे असल्याने अमेरिकेत पोरांनी माळ्यावर, गोठ्यात, गॅरेजमध्ये अशी केंद्रे उभारली. ह्यूगो गर्न्सबॅक याची मासिके त्यांना आराखडे पुरवत. टेस्लाचे आत्मवृत्तही १९१९ मध्ये त्याच्याच 'इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले.

११/ पण ठिणगीला एक खोड आहे. ती एका सुरात बोलत नाही. एकाच वेळी अनेक लहरलांबींवर तिचा गोंगाट पसरतो. जहाजांचे, नौदलाचे आणि हौशी पोरांचे संदेश एकमेकांत मिसळू लागले. टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, १९१२ साली, अमेरिकेने हौशींना परवाना सक्तीचा केला आणि त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींत ढकलले. त्या काळी या लहरी निरुपयोगी मानल्या जात.

१२/ या 'निरुपयोगी' लहरी खरे तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात, हे पुढे हौशींच्याच प्रयोगांतून ठळकपणे पुढे आले. तोवर व्हॉल्व्ह आले होते. ते एका सुरात गात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठिणगी-प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याचे ठरवले. टेस्ला कॉइल संदेशवहनातून बाहेर पडली आणि प्रयोगशाळेत, जत्रेत व हौशींच्या टेबलावर उरली.

१३/ आता महाराष्ट्राकडे वळू. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईतील टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीतून टपाल-तार खात्याच्या साहाय्याने संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. या देशातील नभोवाणीच्या पायाशी हौशी मंडळींचे क्लब आहेत, हे अनेकदा विसरले जाते.

१४/ सरकारची भूमिका मात्र पहिल्यापासून ठाम होती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा त्याच्याही पुढे गेला. परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरला. ऐकण्याच्या साध्या रेडिओलाही परवाना लागे आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके घरोघरचे लोक टपाल कार्यालयात जाऊन त्याचे शुल्क भरत.

१५/ १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशींचे प्रक्षेपणाचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचे आदेश निघाले. कायद्याने यंत्र काढून घेता येते. यंत्र बांधण्याचे ज्ञान मात्र ज्याच्या डोक्यात असते, त्याच्याकडेच राहते. तीन वर्षांनी सरकारला याचा प्रत्यय आला.

१६/ ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. अशा वेळी २२ वर्षांची उषा मेहता आणि तिचे सहकारी विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर, चंद्रकांत झवेरी व विठ्ठलदास झवेरी यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र उभारायचे ठरवले. प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओ तंत्रज्ञाने केले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवानी यांचेही साहाय्य झाले.

१७/ २७ ऑगस्टला 'काँग्रेस रेडिओ' वाजू लागला. लहरलांबी होती सुमारे ४२ मीटर. हौशींना पूर्वी निरुपयोगी म्हणून दिलेल्या आखूड लहरींतलाच हा टापू. लहान शक्तीच्या घरगुती यंत्राचा आवाज दूरवर पोहोचवायला तोच सोयीचा होता. प्रक्षेपण व्हॉल्व्हवर चाले, पण त्याच्या पोटात तत्त्व तेच होते: जुळवलेले वेटोळे आणि कपॅसिटर.

१८/ वऱ्हाड-विदर्भाच्या दृष्टीने या केंद्राचे मोल निराळे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला व त्यानंतर तेथील लोकांवर, विशेषतः चिमूरच्या स्त्रियांवर, अत्याचार झाले. वृत्तपत्रांचे तोंड बांधलेले असताना या घटनांचे सविस्तर वर्णन काँग्रेस रेडिओने प्रक्षेपित केले, असे उषा मेहता यांनी पुढे आवर्जून सांगितले.

१९/ त्या वेळी वाशीमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. खेड्यांत वीज नव्हती, रेडिओ तर एखाद्याच वाड्यात बॅटरीवर चाले. म्हणून काँग्रेस रेडिओ गावोगाव ऐकला गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही जी बातमी छापता येत नव्हती ती हवेत होती, आणि ती लहर रोखणे सरकारला जमत नव्हते.

२०/ सरकारला रोखता येत होते ते केंद्र. प्रत्येक प्रक्षेपक बोलता बोलता आपला ठावठिकाणा सांगत असतो. फिरत्या गाडीवरील दिशादर्शक अँटेना वेगवेगळ्या जागांहून लहरीची दिशा मोजते. त्या रेषा जेथे छेदतात तेथे यंत्र असते. म्हणूनच हे तरुण चौपाटी, वाळकेश्वर, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असे मुक्काम सतत बदलत राहिले. ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी, अशी खबरदारीही त्यांनी घेतली.

२१/ शेवट लहरींनी केला नाही, माणसांनी केला. तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकडून मिळालेल्या माहितीवरून १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीजवळच्या केंद्रावर छापा पडला. प्रक्षेपण चालू असताना बंद दरवाजे तोडून पोलीस आत शिरले. खटल्यात खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व मोटवानी सुटले. उषा मेहता येरवड्यातून १९४६ मध्ये बाहेर आल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

२२/ स्वातंत्र्य आले, पण १९३३ चा कायदा राहिला. परकीय सत्तेने संशयापोटी केलेली तरतूद स्वकीय सरकारलाही सोयीची वाटली. तिच्यामागे एक रास्त कारणही होते. लहरींचा पट्टा सर्वांचा सामाईक आहे आणि एकाचा गोंगाट दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू शकतो. परीक्षा देऊन परवाना घेण्याची वाट हौशींसाठी मोकळी राहिली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संपर्क तुटला, तेव्हा अशाच परवानाधारक हॅम मंडळींनी संदेशवहन सांभाळले. अखेर २०२३ मध्ये १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेने संमत केला.

२३/ कॉइल करू पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. नऊ व्होल्टची छोटी कॉइलही बोटाला बारीक पण खोल भाजू शकते. मोबाइल, श्रवणयंत्र आणि विशेषतः पेसमेकर असलेली व्यक्ती तिच्यापासून दूर हवी. ठिणगीच्या फटीची, निऑन पाटीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारी कॉइल हे वेगळेच प्रकरण आहे. तिचा कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहतो आणि तो प्राणघातक ठरतो. ती जाणत्या माणसाच्या देखरेखीविना करू नये. शेजारच्या रेडिओत खरखर ऐकू आली, तर ती १९१२ सालची जुनीच तक्रार समजावी.

२४/ टेस्ला कॉइलचा इतिहास एकट्या विक्षिप्त प्रतिभावंताची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यात माळ्यावरची पोरे, मुंबईचे रेडिओ क्लब आणि तुरुंगात गेलेली एक विद्यार्थिनीही आहे. १९३९ मध्ये यंत्रे जमा झाली तेव्हा ज्ञान जमा करता आले नाही, म्हणून १९४२ शक्य झाले. प्रदर्शनात एखादा विद्यार्थी स्वतः मोजून चारशे वेढे घालतो आणि दिवा का लागला हे मित्राला नीट समजावून सांगतो, तेव्हा तेच ज्ञान आणखी एका माणसाकडे जाते.

(समाप्त)