प्रदूषक उद्योगांची देणगी आणि पर्यावरण संस्थांचा हितसंघर्ष

ज्या उद्योगावर लक्ष ठेवायचे, त्याच उद्योगाकडून पर्यावरण संस्था पैसे घेत असेल, तर त्याला हितसंघर्ष म्हणतात. पैशामुळे संस्थेचे मत बदललेच असेल असे नाही. ते बदलले की नाही, हे बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही, खरी अडचण ती आहे.

अमेरिकेतील सिएरा क्लब ही १८९२ मध्ये स्थापन झालेली जुनी संस्था. जॉन म्यूर तिचे पहिले अध्यक्ष. या संस्थेने २००७ ते २०१० या काळात नैसर्गिक वायू उद्योगाकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक देणगी घेतली. त्यातला बहुतेक पैसा चेसापीक एनर्जी या कंपनीचे प्रमुख ऑब्री मॅक्लेंडन यांच्याकडून आला, आणि तो कोळसाविरोधी मोहिमेसाठी होता. कोळशावरची वीजकेंद्रे बंद पडली की वायूचा खप वाढतो, त्यामुळे दात्याचा धंदा आणि संस्थेचे ध्येय काही काळ एकाच वाटेने चालले. मात्र जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीला, म्हणजे फ्रॅकिंगला, त्याच वर्षांत पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये विरोध वाढत होता. क्लबचे स्थानिक कार्यकर्तेही त्या विरोधात होते.

२०१० मध्ये मायकेल ब्रून कार्यकारी संचालक झाले. त्यानंतर संस्थेने हा पैसा घेणे थांबवले आणि कबूल झालेल्या आणखी सुमारे ३ कोटी डॉलरवर पाणी सोडले. देणगीची गोष्ट लोकांना कळली ती मात्र फेब्रुवारी २०१२ मध्ये, ‘टाइम’च्या बातमीतून.