अतिथीचे पान

कोल्हापूरनजीकचे गांधीनगर आमच्या बेळगावकडील मंडळींस ठाऊक आहे ते कापडाच्या पेठेसाठी. घरात कार्य निघाले म्हणजे चार बायका, एक जाणता पुरुष आणि आहेराची लांबलचक यादी अशी स्वारी तिकडे निघते. ह्या यात्रेस आम्हीही अनेकवार गेलो आहो, बहुधा पिशव्या राखण्याच्या कामी. ज्या जागी बसून आम्ही लुगड्यांचे भाव ऐकत होतो त्याच जागी, वळिवडे गावच्या शिवारात, १९४३ ते १९४८ ह्या पाच वर्षांत सुमारे ५,००० पोलिश माणसे राहत होती, त्यांच्या शाळा, प्रार्थनामंदिर, नाटकगृह व इस्पितळ तेथे नांदत होते, हे आम्हांस चाळिशी उलटेपर्यंत कळले नव्हते. जे कळले त्यातील एकच धागा येथे धरावयाचा आहे; तो म्हणजे त्यांच्या सणांचा आणि सणाच्या पानाचा.

ही माणसे येथे आली कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली आणि १७ सप्टेंबर रोजी रशियाने पूर्वेकडून. पूर्व पोलंडातील शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, निवृत्त सैनिक व त्यांची बायकामुले ह्यांस रशियन सरकारने १० फेब्रुवारी १९४० पासून चार हप्त्यांत गुरांच्या वाघिणींत घालून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेले. निघावयास काही मिनिटे मिळाली. त्या मिनिटांत कोणी पीठ घेतले, कोणी रजई घेतली, कोणी देवाची तसबीर घेतली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व रशिया ह्यांत करार झाला आणि ह्या लोकांस ‘माफी’ देण्यात आली. वकिलाच्या पेशाला सवय असते म्हणून म्हणा, आम्ही ह्या शब्दापाशी थबकलो. माफी ही अपराध्यास असते. दोन वर्षांच्या मुलीचा अपराध कोणता? खटला नाही, आरोपपत्र नाही, निकाल नाही. आणि तरीही माफी! तथापि त्या लबाड शब्दाच्या दोरीला धरूनच १९४२ मध्ये लक्षाहून अधिक पोल कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. लढू शकणारे सैन्यात गेले. उरली बायकामुले. त्यांतील काही आफ्रिकेत, काही न्यूझीलंडात, काही मेक्सिकोत आणि काही हिंदुस्थानात आली.

हिंदुस्थानात त्यांच्या दोन मोठ्या वसाहती झाल्या. पहिली १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे, मुख्यत्वे अनाथ मुलांची. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी तिला आपल्या संस्थानात आश्रय दिला. तेथील मुलांनी वृद्धापकाळी सांगितलेली एक आठवण मोठी गोड आहे. जेवणात पालक वारंवार येऊ लागला तेव्हा मुलांनी त्याविरुद्ध चक्क संप पुकारला. आणि जामसाहेबांच्या कानी ते गेले तेव्हा त्यांनी पालक बंद करण्याची आज्ञा दिली. ज्या पोरांनी काल-परवापर्यंत पावाच्या कपट्यासाठी रांगा धरल्या होत्या ती आज ताटातल्या भाजीवर रुसू लागली, ह्यापरते प्रकृती सुधारल्याचे प्रमाणपत्र कोणता वैद्य देईल?

दुसरी व अधिक मोठी वसाहत वळिवड्याची. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि कोल्हापूरच्या गादीवरील दत्तक छत्रपती अल्पवयी होते, अशा काळात संस्थानच्या भूमीवर ती उभी राहिली. बालाचडीच्या मुलांस एका पंक्तीत जेवण मिळे. वळिवड्यास मात्र कुटुंबवार बिऱ्हाडे होती आणि प्रत्येक बिऱ्हाडाची आपापली चूल. माता भत्त्याच्या पैशांतून बाजारहाट करीत व स्वतः रांधीत. आमच्या मते ह्या वसाहतीचे सारे रहस्य ह्या एका सोयीत आहे. पंक्तीतले अन्न पोट भरते. पण घरचा सण हा घरच्या चुलीशिवाय होत नाही.

आता त्या सणांकडे वळू. आमच्या गोमंतकीय वाचकांस नाताळ म्हणजे २५ डिसेंबर हे ठाऊक आहे. पोलिश घरात मात्र त्याची आदली सायंकाळ, जिला ते ‘विगिलिया’ म्हणतात, हीच वर्षातील सर्वांत थोर वेळ. दिवसभर उपवास किंवा अल्पाहार, मांस वर्ज्य. तिन्हीसांजेस मुले अंगणात उभी राहतात व पहिली चांदणी दिसली की धावत आत येतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या आमच्या घरांतील पोरांस ही लगबग समजावून सांगावयास नको. मेजावर पांढरेशुभ्र वस्त्र, त्याखाली गव्हाणीची आठवण म्हणून वाळल्या गवताच्या काड्या. जेवणाआधी घरातील वडील माणूस ‘ओप्वातेक’ नावाची कागदासारखी पातळ, गव्हाच्या पिठाची भाजलेली चकती घेते, आणि जो तो दुसऱ्याच्या चकतीचा तुकडा मोडून खात त्याचे शुभ चिंतितो. वर्षाचे रुसवे ह्या क्षणी मिटवावयाचे असतात. मग बारा पदार्थ. तांबड्या बीटाचे आंबटसर सार व त्यात ‘लहान कान’ ह्या अर्थाच्या नावाचे इवलेसे मुरडलेले पुडके, मासे, कोबी व अळंबीचे सारण घातलेल्या पिएरोगी, सुक्या फळांचे गोड पाणी. पिएरोगी घडते ती आमच्या नेवरीसारखी, पण शिजते उकळत्या पाण्यात, आणि तिचे पीठ गव्हाचे.

ह्या साऱ्यांत पूर्व पोलंडाचा खास पदार्थ म्हणजे सडलेल्या गव्हाची, मध, वाटलेली खसखस, अक्रोड व बेदाणे घातलेली गोड घट्ट खीर. तिचे मूळ नाव आम्ही हेतुतः लिहीत नाही. आपल्या लिपीत ते उतरविले तर इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस भलतेच ऐकू येईल. हा पदार्थ केवळ पोलांचा नव्हे. त्यांचे शेजारी युक्रेनी व बेलारूसी लोकही तो तितक्याच भक्तीने करतात. परंतु वळिवड्यास आलेले लोक त्याच सीमाप्रांतातील होते, म्हणून तो त्यांच्या गावाची ओळख होता. आणि पाहा, बेळगावच्या हुग्गीचा गहू, आमच्या अनारशांवरची खसखस! गोठलेल्या नदीतील मासा वा तिकडच्या रानातील वाळली अळंबी कोल्हापूरच्या बाजारात कोठून यावी? पण खिरीचे साहित्य मात्र ह्या मुलखास परके नव्हते. डिसेंबरातले आकाश निरभ्र असते. बर्फ नसले तरी चांदणीची उणीव पडण्याचे कारण नव्हते.

तथापि त्या मेजावरील ज्या गोष्टीने आमचे मन सर्वाधिक वेधले ती खाण्याची नव्हेच. जितकी माणसे घरात त्याहून एक पान अधिक मांडण्याची त्यांची रीत आहे. ते अनपेक्षित पाहुण्याचे पान. वाट चुकलेला कोणी दारी आला तर त्यास ‘जागा नाही’ म्हणावे लागू नये. ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी, ही आमची व्याख्या. पोलंडच्या हिमात तिला मेजावर ताट व आसन मिळाले आहे. त्या पानाला दुसराही अर्थ आहे: घरचे जे आज नाहीत, त्यांचे ते पान. वळिवड्यात त्या रिकाम्या आसनाकडे पाहून कोणास कोण आठवले असेल? पती इटलीच्या आघाडीवर, भाऊ बेपत्ता, धाकटे मूल कझाकस्तानच्या मातीत. त्या वसाहतीत एका घरास एक रिकामे आसन पुरणारे नव्हते.

ईस्टरची कथा थोडक्यात सांगतो. आदल्या शनिवारी टोपलीत अंडी, पाव, मीठ, सागुती नि लोण्याचा किंवा साखरेचा कोकरू घालून ती प्रार्थनामंदिरात नेतात व पुरोहित तिच्यावर तीर्थ शिंपडतो. रविवारी मंतरलेल्या अंड्याच्या फाकी करून घरातील सर्वांस वाटतात. अंड्यांवर मेण व रंगांनी काढलेली नक्षी हा तर स्वतंत्र कलाप्रकारच. सोमवारी एकमेकांवर पाणी ओतण्याचा धुमाकूळ असतो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, रंगपंचमीच्या मागोमाग, हा खेळ शेजारच्या खेड्यांतील पोरांस मुळीच चमत्कारिक वाटला नसेल, असे आम्ही खुशाल समजतो.

परंतु गोडाधोडाच्या वर्णनात मुख्य प्रश्न बुडू नये. ह्या लोकांनी एवढ्या निष्ठेने हे सण का पाळावे? पोलंडच्या इतिहासात उत्तर आहे. ३ मे १७९१ रोजी ह्या राष्ट्राने लिखित संविधान स्वीकारले, युरोपातील तशा प्रकारचे पहिले. चार वर्षांत, १७९५ मध्ये, रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनी त्याची तिसरी व अखेरची वाटणी केली आणि पोलंड नकाशावरून पुसला गेला तो १९१८ पर्यंत. १२३ वर्षे राज्य नाही, न्यायालय नाही, शाळेत भाषा नाही. १९०१ मध्ये व्झेश्निया गावच्या पोलिश मुलांनी जर्मन भाषेतून धर्मपाठ म्हणण्यास नकार दिला तेव्हा त्यांस छड्या खाव्या लागल्या. अशा काळात राष्ट्र राहिले ते घरात, प्रार्थनामंदिरात आणि सणाच्या मेजावर. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग रात्रीतून नदीपार प्रियोळास नेले त्या वाचकांस आम्ही ह्याहून अधिक काय सांगावे!

आमच्या व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर मालकीचा दस्तऐवज हिरावला गेला असता माणूस वहिवाटीचा पुरावा जपतो. वळिवड्यास हे अक्षरशः घडले. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तीन बड्यांनी ठरविले की पूर्व पोलंड रशियाकडेच राहील. म्हणजे ह्या लोकांची गावे आता पोलंडात नव्हती. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका ह्यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली; म्हणजे ज्या सरकारचे ते प्रजाजन होते ते सरकारही कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. गाव परराज्यात, सरकार नामशेष, माणसे परक्या देशाच्या बराकींत. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरास पांढरे वस्त्र अंथरताना एखाद्या मातेच्या हाती पोलिश असण्याचा दुसरा कोणता पुरावा होता?

येथे एक सत्य आम्ही झाकू इच्छित नाही. ‘आम्ही त्यांस पोसले’ असे म्हणून छाती फुगविण्याचा मोह आपल्या सभांतून होतो. जामसाहेबांचे औदार्य निःसंशय थोर. बालाचडीसाठी संस्थानिकांनी व दात्यांनी निधीही उभारला. परंतु वळिवड्याचा खर्च मुख्यत्वे लंडनच्या पोलिश सरकारने सोसला व पुढे आंतरराष्ट्रीय साहाय्यसंस्थांनी. शिवाय १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. लक्षावधी लोक अन्नान्न करीत मेले त्याच वर्षी ही वसाहत भरली. ह्यात त्या निर्वासितांचा काही दोष नाही. दोष राज्यकर्त्यांच्या धोरणाचा. आम्ही दिले ते जमीन, शेजार आणि निर्वेध सण. हिशेब एवढाच मांडला तरी तो लहान नाही.

१९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही पोलंडला परतले. पुष्कळसे इंग्लंडात सैनिक आप्तांकडे, आणि तेथून किंवा परभारे कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे पांगले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काहींची थडगी राहिली. पोलंडातील नव्या राजवटीने १९५१ मध्ये ३ मेचा राष्ट्रीय सण रद्द केला. तो १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली चाळीस वर्षे शिकागोसारख्या शहरांतील पोल तो मिरवणूक काढून पाळीत होते. आज परदेशांतील पोलिश जत्रांत पिएरोगीच्या दुकानापुढे जी झुंबड उडते तिला कोणी केवळ जिभेचे चोचले म्हणेल, तर त्याने हा मधला काळ आठवावा. हिंदुस्थानात वाढलेल्या मुलांनी लंडनला आपले मंडळ स्थापिले व आठवणींचा जाड ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये काही वयोवृद्ध माजी रहिवासी पुन्हा येऊन गेले. वॉर्सात जामसाहेबांच्या स्मरणार्थ ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे आणि कोल्हापूरचेही स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पचक्रे वाहिली.

वळिवड्याच्या बराकी मात्र फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्यांत आणून वसविण्यात आली आणि वसाहतीस गांधीनगर हे नाव पडले. ज्या जागी पोलिश चुली विझल्या त्याच जागी सिंधी चुली पेटल्या. विगिलियाच्या जागी चेटीचंड आला, आणि हळूहळू बिऱ्हाडांपुढे कापडाची दुकाने झाली. मागच्या खेपेस आमच्या मंडळींचा पातळांचा निवाडा तीन तास चालला होता. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी पिशव्यांसह कोपऱ्यात बसलेल्या आम्हांस पाहिले, आणि काही न विचारता आतून पाण्याचा तांब्या व भाजलेला पापड मागविला.