पोच न मागणारी जोडणी

१/ संकेतस्थळावर ग्राहक खरेदीची मागणी नोंदवतो आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ अशी अक्षरे उमटतात. ती खरी ठरणे हे वेब ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यातील जोडणीवर अवलंबून असते. मॉंगोडीबी या दस्तऐवज-डेटाबेसच्या आरंभकाळात या जोडणीने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. दोन्ही महाग पडल्या.

२/ १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. पुढे अनेक दशके त्याचेच वर्चस्व राहिले. मात्र या पद्धतीत एका मागणीची विभागणी होते : ग्राहक एका तक्त्यात, पत्ता दुसऱ्यात, वस्तू तिसऱ्यात. प्रोग्राममध्ये तीच मागणी एकसंध असते.

३/ ही दरी बुजवू पाहणाऱ्यांत न्यूयॉर्कची टेनजेन कंपनी होती. २००७ मध्ये ती स्थापन करणाऱ्यांपैकी ड्वाइट मेरीमन आणि एलियट होरोविट्झ पूर्वी डबलक्लिक या जाहिरात कंपनीत होते. वेब ॲप्लिकेशनसाठी संपूर्ण व्यासपीठ उभारण्याचा मूळ बेत मागे पडला. त्यातील डेटाबेस तेवढा २००९ मध्ये मुक्तस्रोत म्हणून खुला झाला.

४/ येथे संपूर्ण मागणी एकाच दस्तऐवजात राहते. ड्रायव्हर नावाची लायब्ररी त्या दस्तऐवजाला ‘बीसन’ या द्विमान स्वरूपात आणते आणि सर्व्हरच्या २७०१७ क्रमांकाच्या पोर्टकडे पाठवते. तक्त्यांचा आराखडा आधी आखावा लागत नाही. चार-पाच ओळींत जोडणी होते. लोकप्रियतेचे एक कारण हेच.

५/ पहिले गृहीत पोचेविषयीचे. आरंभीचे ड्रायव्हर दस्तऐवज पाठवून मोकळे होत. सर्व्हरने तो स्वीकारला की नाकारला, याची वाट पाहत नसत. त्यामुळे वेग मिळे. परंतु लेखन फसले तरी ॲप्लिकेशनला ते कळत नसे आणि ग्राहकाला ‘नोंद झाली’ असेच दिसे. पोच मागण्याची सोय होती, पण ती आठवणीने मागावी लागे.

६/ नोव्हेंबर २०१२ मध्ये नवे ड्रायव्हर आले आणि लेखनाची पोच घेणे हे डिफॉल्ट झाले.

७/ दुसरे गृहीत ओळखीविषयीचे. पासवर्डची तपासणी डिफॉल्टने बंद असे. जुन्या आवृत्त्या यंत्राच्या सर्व नेटवर्क-मार्गांवरून येणारी जोडणी स्वीकारत. फायरवॉल नसेल, तर इंटरनेटवरील कोणालाही आत प्रवेश होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये जर्मनीतील झारलँड विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी असे सुमारे ४०,००० डेटाबेस उघडे असल्याचे दाखवून दिले.

८/ जानेवारी २०१७ पर्यंत ही संधी खंडणीखोरांनी हेरली. हजारो डेटाबेसमधील माहिती पुसली गेली आणि तिच्या जागी खंडणीची चिठ्ठी आली. आरंभीच्या चिठ्ठ्यांतील मागणी ०.२ बिटकॉइनची होती. अनेक ठिकाणी एका टोळीची चिठ्ठी पुसून दुसरीने स्वतःची ठेवली. तेव्हा पैसे कोणाला द्यावेत आणि माहितीची प्रत कोणाकडे आहे, हेही कळेना.

९/ त्याच वर्षाअखेरीस आलेली ३.६ ही आवृत्ती डिफॉल्टने केवळ स्वतःच्या यंत्रावरूनच जोडणी स्वीकारू लागली. पासवर्डची सोय पूर्वीही होती, पोचेचीही होती. सुरक्षेच्या सूचनाही दस्तऐवजीकरणात लिहिलेल्या होत्या. परंतु घाईत जोडणी करणारा त्या सूचना वाचेल, हे तिसरे गृहीत होते.