शब्दवेध : टेक

कर्जत म्हटले की अनेकांना मुंबईची लोकल आठवते. पण अहिल्यानगरचे कर्जत वेगळे. पर्जन्यछायेतले, ज्वारी-बाजरीचे, रेहेकुरीच्या काळविटांचे. याच तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेक आहे. अष्टविनायकांपैकी अहिल्यानगर जिल्ह्यातले हे एकच स्थान.

मधु-कैटभांशी लढताना विष्णूला इथे सिद्धी मिळाली, ही ‘सिद्ध’ची कथा. मग ‘टेक’ कुठला? टेक म्हणजे उंचवटा. त्याला ‘डी’ लागली की टेकडी, ओबडधोबड वाढला की टेकाड. सपाट माळावर नदीच्या पुराला न गवसणारी जागा म्हणजे टेक; माणूस वसती करणार तिथेच आणि देवही बसवणार तिथेच. देऊळ टेकावर असल्याने प्रदक्षिणाही टेकडीभोवती घालावी लागते.

‘टेक’चा आणखी एक अर्थ आहे, निश्चय. टेक धरणारा माणूस हटत नाही. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असे ठामपणे म्हणायला नको, पण इथे ते शेजारी नांदतात. हे देऊळ बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर 1725 साली शेजारच्या जामखेड तालुक्यातील चोंडीत जन्मल्या. टेकावर देऊळ उभारणारी बाईही टेकाचीच!