वाटसरूचा मुक्काम आणि रहिवाशाचे घर

रात्र काढण्यासाठी आलेला वाटसरू आणि संसार थाटण्यासाठी आलेला रहिवासी, या दोघांनाही निवारा हवा असतो. परंतु दोघांची गरज भिन्न असते. जुन्या नगरव्यवस्थेने हा भेद ओळखला होता. महाराष्ट्रात धर्मशाळा होत्या, तशी कर्नाटकात छत्रे होती. बंगळूरच्या रेल्वे स्टेशनाजवळ गुब्बी तोटदप्पा यांच्या दानातून १९०३ साली उभे राहिलेले छत्र प्रवाशांना आसरा देई आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहही चालवी. पाहुण्यासाठी वेगळी वास्तू असल्याने नागरिकाच्या घरावर त्याचा भार पडत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा तोल ढळला. १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली टेलिफोनचा. १९४१ च्या शिरगणतीत सुमारे ४ लाख ७ हजार असलेली वस्ती १९५१ मध्ये ७ लाख ७९ हजारांवर गेली. घरे त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. त्याच वर्षी म्हैसूर राज्याने घरभाडे व निवासाच्या जागा यांच्या नियंत्रणाचा कायदा केला.

मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने तर घरभाड्याच्या जोडीला हॉटेल व लॉजिंग हाउस यांचे दरही आपल्या नावातच घातले होते. त्यामागील तर्क उघड आहे. घरभाड्याला वेसण घालून लॉजला मोकळे सोडले, तर उद्या घराचाच लॉज होईल. १९५६ साली बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे मुंबई राज्यातील जिल्हे म्हैसुरात आले आणि १९६१ साली साऱ्या राज्यासाठी एकच भाडेनियंत्रण कायदा झाला.

या कायद्यान्वये घर रिकामे होताच मालकाने नियंत्रकास कळवावयाचे आणि ते कोणास द्यावयाचे हे नियंत्रकाने ठरवावयाचे, अशी योजना होती. हेतू स्तुत्य होता; टंचाईत एकही घर ओसाड पडू नये. परंतु जो घरात बसला होता तो तरला आणि जो नव्याने येत होता तो दाराबाहेर राहिला. एकदा दिलेले घर परत मिळण्याची शाश्वती नसली, की मालकाचा हात आखडतो. पुढे १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला, आणि बंगळुरात दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास झाला.

याच सुमारास संगणक व्यवसायाने देशभरातील तरुणांना या शहरात ओढून आणले. ते ना पुरते वाटसरू, ना पुरते रहिवासी. त्यांच्यासाठी ‘पेइंग गेस्ट’ गृहे गल्लोगल्ली उभी राहिली. नावाने पाहुणा, व्यवहाराने भाडेकरू. २०२४ साली तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेने अशा गृहांत माणशी किमान ७० चौरस फूट जागा व दररोज १३५ लिटर पाणी असावे, असे नियम घालून दिले. त्याच वर्षी वस्तू व सेवा कराच्या परिषदेने सलग ९० दिवसांचा मुक्काम आणि दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतचे शुल्क असल्यास करमाफीची शिफारस केली. वाटसरू कोठे संपतो आणि रहिवासी कोठे सुरू होतो, याचा निवाडा येथे दिवसांच्या संख्येने झाला.

परदेशांतही हीच रेषा शोधली जात आहे. न्यूयॉर्कने २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर देणाऱ्यास नोंदणी आणि स्वतः तेथे राहणे सक्तीचे केले. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत सुमारे १० हजार पर्यटक-सदनिकांचे परवाने संपविण्याचा मनोदय जाहीर केला.

बंगळूरच्या या इतिहासाचे तात्पर्य एवढेच, की कायदा असलेल्या घरांची वाटणी करू शकतो. नवे घर बांधू शकत नाही. तथापि वाटणी न्याय्य होणे ही लहान गोष्ट नव्हे. तोटदप्पांच्या छत्रात प्रवासी आणि विद्यार्थी या दोघांचीही सोय होती. बसलेल्याचे रक्षण करताना येणाऱ्यासाठी एक दार उघडे ठेवणे, हीच कायद्याची खरी कसोटी होय.